डीह्युमिडिफायरची कोरडी हवा सोडायची कुठे?

थर्मोस्टॅट ७५ अंश फॅरनहाइट दाखवतोय, एसी चालू आहे, आणि तरी पापड सादळलेले, मिठाला पाणी सुटलेलं, तबल्याची पुडी उतरलेली, कपाटातल्या सिल्कच्या साड्यांना कुबट वास. अमेरिकेत ह्यूस्टन, अटलांटा, रॅली किंवा टँपाकडे राहणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. त्यावर सहसा सल्ला मिळतो तो तापमान आणखी दोन अंशांनी खाली आणायचा. त्याने घर थंड होतं आणि दमट ते दमटच राहतं. अशा घरांसाठी सेंट्रल एसीच्या डक्टला (हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीला) जोडायचा, घरभर काम करणारा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा काढणारं यंत्र, मिळतो. अ‍ॅप्रिलएअर, सांता फे, हनीवेल अशा नावांनी तो येतो आणि यंत्रं सगळी बऱ्यापैकी चांगली असतात. घोळ होतो तो जोडणीत. त्यातही मुख्यतः दोन ठिकाणी: कोरडी झालेली हवा कुठे सोडली, आणि ती सोडताना एअर हँडलरचा (घरभर हवा फिरवणाऱ्या एसीच्या आतल्या पेटीचा) पंखा काय करत होता.

(मुंबई-पुण्यात किंवा कोकणात बसून वाचणाऱ्यांसाठी: स्प्लिट एसीच्या घरात डक्टच नसतो, त्यामुळे पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथे खोलीत ठेवायचं फिरतं यंत्रच बरं.)

एसी असताना दमटपणा राहतो कसा

एसी थर्मोस्टॅटचं ऐकतो आणि साध्या थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं. एअर हँडलरमधली कॉइल (गार नळ्यांची जाळी) थंड झाल्यावर हवेतली वाफ तिच्यावर जमते, पण लगेच खाली ठिबकत नाही. ३ टनाच्या कॉइलवर लिटरभर पाणी पत्र्यांना चिकटून राहू शकतं, आणि पहिला थेंब नळीतून बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. एसी गरजेपेक्षा मोठा असेल तर तेवढ्यात घर थंड होऊन कंप्रेसर बंदही पडतो. त्यात कुणी पंखा ‘ऑन’वर ठेवला असेल तर कॉइलवरचं ते लिटरभर पाणी पुन्हा वाफ होऊन तुमच्याच घरात परत येतं.

नव्या, उत्तम इन्सुलेशनच्या घरांत हा त्रास जास्त. छताला स्प्रे फोम, खिडक्या चांगल्या, उन्हाचा ताप कमी, म्हणून एसी कमी चालतो. पण वाफ तेवढीच आत येते. एप्रिल-मे, ऑक्टोबर आणि पावसाळी रात्री हे सगळ्यात वाईट: बाहेर ७० अंश, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) ६८, आणि एसीला चालायचं कारणच नाही.

यंत्र मागवण्याआधी काही गोष्टी फुकटात तपासता येतात. पंखा ‘ऑटो’वर आहे ना? कंप्रेसर थांबल्यावर ब्लोअर (हाच पंखा) ६० किंवा ९० सेकंद चालू ठेवायची सोय बऱ्याच एअर हँडलरमध्ये असते. कोरड्या प्रदेशात ती उपयोगी, दमट प्रदेशात बंद करायची. ब्लोअरचा वेग दर टनाला ४०० सीएफएमऐवजी (सीएफएम म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा) ३५० वर आणला तर कॉइल अधिक थंड राहते आणि पाणी जास्त काढते. ३ टनाला म्हणजे १,२०० ऐवजी १,०५०. त्याखाली परस्पर उतरू नका, कॉइलवर बर्फ धरेल. अ‍ॅटिकमधून (छपराखालच्या पोकळीतून) जाणारा सप्लाय डक्ट (खोल्यांकडे हवा नेणारा) गळका असेल तर घरातली हवा वर उडून जाते आणि तिची भरपाई म्हणून बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जाते. हे गळतीचं काम आधी. क्रॉलस्पेसमध्ये (घराखालच्या बुटक्या पोकळीत) उघडी माती असेल तर तिच्यावर किमान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक, सांधे नीट चिकटवून. आणि स्वयंपाकघरातला हूड खरोखर बाहेर हवा सोडतो का, ते बघा. अनेक घरांत तो वाफ जाळीतून फिरवून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतो. रोज कुकर, भात, वरण, फोडण्या करणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

एवढं करूनही आर्द्रता ५५-६० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर डीह्युमिडिफायर.

किती मोठा?

चौरस फुटांवरून पिंट (यंत्र दिवसाला किती पाणी काढतं त्याचं माप; एक पिंट सुमारे अर्धा लिटर) सांगणारे तक्ते ब्रोशरमध्ये असतात. त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा आकडेमोड करावी, फार अवघड नाही. २,४०० चौरस फुटांचं, तीन बेडरूमचं घर घेऊ. आयआरसी या निवासी बांधकाम कोडचं ताज्या हवेचं सूत्र: क्षेत्रफळाचा शंभरावा भाग, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून गुणिले साडेसात. म्हणजे २४ अधिक ३०, एकूण ५४ सीएफएम. अ‍ॅश्रे या वातानुकूलन-अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.२ या मानकानुसार हाच आकडा १०२ वर जातो, कारण तिथे क्षेत्रफळाला ०.०३ ने गुणतात. आपण ५४ धरू. इतकी हवा तासाला सुमारे २४३ पौंड भरते. ७५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला एक पौंड हवेत ६५ ग्रेन पाणी असतं. बाहेर दवबिंदू ७५ असताना १३१. फरक ६६ ग्रेनचा, आणि ७,००० ग्रेनचा एक पौंड. दिवसाचं गणित येतं ५५ पौंड, म्हणजे २५ लिटर. फक्त ताज्या हवेतून!

पण दवबिंदू ७५ असतो तेव्हा ऊनही असतं आणि त्यातलं बरंच पाणी एसीच काढतो. डीह्युमिडिफायरची खरी परीक्षा ६८ दवबिंदूच्या ढगाळ दिवशी. तेव्हा ताज्या हवेतून साधारण १४ लिटर, आणि चार माणसांचे श्वास, अंघोळी, स्वयंपाक मिळून आणखी ८-१० लिटर. एकूण २४ लिटर, म्हणजे सुमारे ५१ पिंट.

मग ७० पिंटचं यंत्र पुरेल? पुरणार नाही, कारण तो ७० आकडा ८० अंश आणि ६० टक्क्यांवर मोजलेला असतो. तुमच्या ७५ अंश, ५० टक्क्यांच्या घरात तेच यंत्र त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी काढतं. वर सांगितलेल्या घराला ९८-१०० पिंटच्या आसपासचं यंत्र योग्य. ताजी हवा डक्टने आणत नसाल आणि घर घट्ट असेल तर ७० चालेल. क्रॉलस्पेस किंवा बेसमेंटही त्यातच घ्यायचं असेल तर १२०-१३०. आणखी एक गोंधळ: २०१९ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने चाचणीचं तापमान बदललं, फिरत्या यंत्रांसाठी ६५ अंश आणि घरभर चालणाऱ्यांसाठी ७३. त्यामुळे दुकानातलं जुनं ७० पिंटचं फिरतं यंत्र आता ५० चं झालं, यंत्र मात्र तेच. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच तापमानाचे आहेत का, ते बघूनच करा.

मोठं यंत्र घेतल्याने एसीसारखं फार बिघडत नाही, पण उष्णता वाढते, आणि ही गोष्ट विक्रेते हळू आवाजात सांगतात. डीह्युमिडिफायर पाणी काढतो तेव्हा त्या वाफेची सगळी उष्णता आणि स्वतःला लागलेली वीज, दोन्ही घरातच सोडतो. ९८ पिंटचं यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना तासाला ६,५०० ते ७,००० बीटीयू उष्णता देतं, म्हणजे एसीच्या अर्ध्या टनापेक्षा जास्त. त्याच्या तोंडातून ९० अंशांच्या वरची हवा येते. ती हवा कुठे सोडायची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

डक्टची जोडणी

तीन पद्धती सगळीकडे दिसतात.

पहिली, बसवणाऱ्याला सगळ्यात सोपी: रिटर्न डक्टमधून (खोल्यांतली हवा एअर हँडलरकडे परत आणणाऱ्या) हवा घ्यायची आणि थोड्या अंतरावर त्याच रिटर्नमध्ये परत सोडायची. दोन भोकं, तासाभराचं काम. ही टाळा. एसी चालू असताना डीह्युमिडिफायरची कोरडी, गरम हवा थेट थंड कॉइलवर जाते. कॉइलवर आलेल्या हवेत वाफच कमी, त्यामुळे एसीचं पाणी काढणं घटतं. म्हणजे एकाने काढलेलं श्रेय दुसऱ्याच्या खात्यातून वजा. एसी बंद आणि कॉइल ओली असेल तर आणखी वाईट, कारण ही पद्धत चालायला एअर हँडलरचा पंखा लागतोच, आणि तो ९० अंशांची कोरडी हवा ओल्या कॉइलवरून फिरवतो. कॉइल भराभर सुकते, पाणी घरात परत. तेच पाणी पुन्हा काढायला डीह्युमिडिफायर वीज खात राहतो. दोन भोकं जवळजवळ असतील तर तीच हवा गोल फिरत राहते हा वेगळाच प्रकार.

दुसरी: रिटर्नमधून घ्यायची, सप्लायमध्ये सोडायची. पहिलीपेक्षा खूपच बरी. अडचण दाबाची. ब्लोअर चालू असताना सप्लाय बाजूला दाब जास्त, रिटर्न बाजूला ओढ. डीह्युमिडिफायरच्या छोट्या पंख्याला या दोन्हींविरुद्ध ढकलावं लागतं. तो कमी पडला तर त्याच्यातून जाणारी हवा घटते, कधी उलटीही वाहते.

तिसरी, आणि जागा असेल तर हीच करा: डीह्युमिडिफायरला स्वतःचा वेगळा रिटर्न, घराच्या मध्यावरच्या हॉलमधून किंवा पॅसेजमधून, आणि सोडणं मुख्य सप्लाय डक्टमध्ये. छतात १२ बाय १२ इंचांची जाळी, तिथून यंत्रापर्यंत ८ किंवा १० इंची इन्सुलेटेड फ्लेक्स (लवचीक डक्ट). यंत्राच्या तोंडाचा व्यास असेल तोच ठेवा, वाटेत बारीक करू नका. याचा दुसरा फायदा असा की यंत्राचा सेन्सर खोलीची खरी आर्द्रता वाचतो, अ‍ॅटिकमधल्या डक्टातल्या शिळ्या हवेची नाही. ही जाळी स्वयंपाकघरात, बाथरूमजवळ, गराजमध्ये नको. आणि गॅसचा साधा, चिमणीच्या ओढीवर चालणारा वॉटर हीटर किंवा फर्नेस (घर तापवणारी भट्टी) ज्या कोठडीत आहे तिथे तर अजिबात नको. रिटर्नची ओढ चिमणीतला धूर उलटा खेचते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. इथे कुणाच्या ‘चालतं हो’वर विश्वास ठेवू नये.

सप्लायमध्ये सोडायची जागा कॉइलपासून किमान दोन-तीन फूट पुढे, मुख्य ट्रंकवर, पहिली फांदी फुटण्याच्या अलीकडे. कॉइलच्या डोक्यावरच्या प्लेनममध्ये (हवा जमणाऱ्या पेटीत) अगदी खेटून सोडली तर पंखा बंद असताना काही हवा मागे कॉइलमधून रिटर्नकडे झिरपते. पहिली फांदी निघून गेल्यावर सोडली तर मागच्या खोल्यांना कोरडी हवा मिळतच नाही. जोडावर बॅकड्राफ्ट डँपर (हवा उलटी येऊ न देणारी झडप) हवाच, झडप हवेच्या दिशेने उघडणारी. डँपरवर बाण असतो. तो उलटा बसवलेला डँपर दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि यंत्र गुदमरतं. डँपर आडवा की उभा बसतोय त्यानुसार झडपेचा अक्षही बघावा लागतो, नाहीतर ती स्वतःच्या वजनाने उघडीच राहते. हिवाळ्यात याच झडपेमुळे फर्नेसची १२०-१४० अंशांची हवा डीह्युमिडिफायरच्या पोटात शिरत नाही.

फ्लेक्स डक्ट ताणून, दर ४ फुटांवर रुंद पट्ट्याचा आधार देऊन टांगायचा. सैल सोडलेल्या, झोळ पडलेल्या फ्लेक्समध्ये हवेला जाम अडथळा होतो. आतल्या अस्तराला झिपटाय, सांध्यावर मॅस्टिक (फटी बुजवायचा लेप), बाहेरच्या आवरणावर फॉइल टेप. करडी कापडी टेप अ‍ॅटिकच्या उन्हाळ्यात सुकून सुटते, ती नकोच.

झोनिंगच्या घरात एक सापळा असतो. वरच्या-खालच्या मजल्यांना वेगळे मोटरचे डँपर आहेत आणि एसीची मागणी नसताना ते बंद राहतात, अशी मांडणी असेल तर डीह्युमिडिफायरच्या हवेला जायला वाटच नाही. झोन बोर्डला सांगावं लागतं की डीह्युमिडिफायर चालू झाला की डँपर उघड. बोर्डला ती सोय नसेल तर हवा झोन डँपरच्या पुढे सोडा. रात्री बंद राहणाऱ्या बेडरूमचंही तसंच: दाराखाली इंचभर फट किंवा दारावर जाळी नसेल तर तिथली आर्द्रता हॉलपेक्षा पाच-सात टक्के वरच दिसेल.

ताज्या हवेचा ६ इंची डक्ट यंत्राच्या रिटर्नला जोडता येतो, त्यावर मोटरचा डँपर आणि प्रमाण ठरवायला हाताचा डँपर. बाहेरचं तोंड जमिनीपासून वर, ड्रायरच्या आणि वॉटर हीटरच्या धुरांड्यापासून लांब. हा डक्ट थंड खोलीतून जात असेल तर त्याला इन्सुलेशन हवंच. आत दमट हवा, बाहेर एसीचा गारवा, दवबिंदू आतल्याच बाजूला गाठला जातो आणि डक्टमधून पाणी टपकायला लागतं.

यंत्र ठेवायचं कुठे

घराच्या आत, एअर हँडलरच्या कोठडीशेजारी किंवा बेसमेंटमध्ये जागा असेल तर तिथेच. अ‍ॅटिकमध्ये ठेवायचं झालं तर यंत्राचं वजन ३० ते ५० किलो असतं हे लक्षात घेऊन छपराच्या कैच्यांच्या खालच्या दांड्यांवर भार पसरवावा. टांगताना खाली स्टीलचे अँगल देऊन आट्यांचे चार रॉड, मध्ये रबरी गुटके. यंत्राला उचलायचे जे कान असतात ते टांगायला नसतात. पाणसळ दोन्ही दिशांनी लावून बघा. यंत्र कललं की आतली ट्रे एका कोपऱ्यातून सांडते. फिल्टर काढायच्या बाजूला मोकळी जागा ठेवा, आणि तिथवर जायला २४ इंच रुंद फळ्यांची वाट. वाट नसली की फिल्टर बदलला जात नाही, हा नियमच आहे. आडवं झोपवून आणलेलं यंत्र उभं करून लगेच चालू करायचं नाही. कंप्रेसरमधलं तेल खाली बसायला पुस्तिकेत दिलेला वेळ द्यायचा.

वीज ११५ व्होल्ट. मध्यम यंत्र ६-७ अँपिअर घेतं, तरी १५ अँपिअरचं स्वतंत्र सर्किट द्यावं. अ‍ॅटिकच्या दिव्याच्या सॉकेटवर चढवलेलं यंत्र कधीतरी ब्रेकर पाडतंच.

पाणी

दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी छताच्या वरून वाहणार आहे. इथे आळस केला की खालच्या खोलीचं छत बदलावं लागतं.

नळी पाऊण इंची पीव्हीसी, उतार फुटाला किमान पाव इंचाचा निम्मा, म्हणजे अष्टमांश इंच. १६ फुटांच्या नळीला २ इंच. जमलं तर पाव इंच द्या, कारण लाकूड कालांतराने थोडं वाकतं आणि तो अष्टमांश नाहीसा होतो. पुस्तिकेत सांगितला असेल तर यू आकाराचा ट्रॅप, आणि त्याच्या पुढे हवा जायला उघडं टी (टी आकाराचा जोड). हे टी नसलं की पाणी ट्रॅपमध्ये अडकून गुळण्या करत राहतं. ही नळी एसीच्या नळीला जोडायची असेल तर एसीच्या ट्रॅपच्या पुढे, कधीच अलीकडे नाही. एसीच्या कॉइलच्या पेटीत बऱ्याचदा ओढ असते. अलीकडे जोडली की ती ओढ डीह्युमिडिफायरच्या नळीतून हवा खेचते आणि दोन्हींचं पाणी अडतं. पाणी सांडपाण्याच्या नळीत थेट सोडायचं नसतं, मध्ये हवेचं अंतर हवं.

यंत्राखाली दुसरी ट्रे, यंत्रापेक्षा सगळीकडून ३ इंच मोठी आणि किमान दीड इंच खोल, तिची वेगळी नळी सहज दिसेल अशा ठिकाणी, बहुधा खिडकीच्या वरच्या वळचणीला. तिथून पाणी पडताना दिसलं की मुख्य नळी तुंबली हे समजायचं. ट्रेमध्ये फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून बंद होणारा) लावा आणि तो डीह्युमिडिफायरलाच थांबवेल असा जोडा. फ्लोट स्विच फक्त एसीच्या तारेत घातलेला असतो आणि डीह्युमिडिफायर बिनधास्त पाणी ओतत राहतो, हे फार वेळा दिसतं. पंप वापरायची वेळ आली तर त्याचा सुरक्षा-स्विचही असाच जोडायचा.

तारा आणि पंखा

नियंत्रण २४ व्होल्टचं. दोन मार्ग: यंत्राचं स्वतःचं ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता बघून यंत्र चालू-बंद करणारा स्विच) हॉलमध्ये भिंतीवर लावा, किंवा थर्मोस्टॅटलाच डीह्युमिडिफायरचं टर्मिनल असेल तर तिथून चालवा. खोली-सेन्सर सप्लायच्या झोतात, उन्हात किंवा गॅसच्या शेगडीपासून हाकेच्या अंतरावर नको. नवी तार ओढतच आहात तर आठ पदरी ओढा. दोन पदर पुढे कधी ना कधी लागतात.

एसी चालू असताना डीह्युमिडिफायर थांबवायची सोय बहुतेक यंत्रांत आहे. ती सुरू करा. एसी पाणी काढतोच आहे, दाबाची कुस्ती टळते, आणि डीह्युमिडिफायरची उष्णता एसीच्या डोक्यावर येत नाही. डीह्युमिडिफायर चालू झाला की एअर हँडलरचा पंखा सुरू करायची जी तारेची जोडणी असते, ती तिसऱ्या पद्धतीत करू नका. सप्लायमध्ये सोडलेली २००-३०० सीएफएम हवा डक्टमधून आपली आपण जाते. वसंतात, एसी दिवसेंदिवस चालत नाही तेव्हा कॉइल कोरडीच असते. तेव्हा पंखा मंद वेगाने तासाला दहा मिनिटं फिरवायला हरकत नाही. उन्हाळ्यात नको. बसवणारा सवयीने ती तार जोडून जातो, म्हणून जाण्याआधी विचारून घ्या.

थर्मोस्टॅटमध्ये आर्द्रतेसाठी जास्त थंड करायची सोय असेल तर डीह्युमिडिफायर बसवल्यावर ती बंद करा. नाहीतर एसी आणि डीह्युमिडिफायर दोघेही एकाच कामासाठी धावतात आणि घर ७२ ला गारठतं.

फर्नेसवर ह्युमिडिफायरही (हिवाळ्यात हवेत ओलावा घालणारं यंत्र) असेल, न्यू जर्सीकडे तो असतोच, तर उन्हाळ्यात त्याची पाण्याची तोटी आणि बायपासची झडप दोन्ही बंद. एक पाणी घालतोय, दुसरा काढतोय असं महिनोन्महिने चाललेलं घर बिलाशिवाय कशानेच ओळखू येत नाही.

चालू करताना

पहिलं काम हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं उपकरण) तपासायचं. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ, त्यात ते ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब, वर पाण्याचा थर नको. टोपण आणि हायग्रोमीटर झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ टक्के दाखवायला हवा; संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता खोलीच्या तापमानाला तेवढीच असते. ७१ दाखवला तर तुमचा हायग्रोमीटर चारने कमी वाचतो. थर्मोस्टॅटमधला सेन्सर यासमोर ठेवून बघा, तीन-चार टक्क्यांचा फरक सर्रास असतो, आणि तो न तपासता ‘यंत्र चालत नाही’ म्हणून तक्रारी होतात.

मग ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता. फ्लोट उचलला जाऊन यंत्र थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर तारा जोडणाऱ्याला खाली उतरू देऊ नका.

यंत्र ५० टक्क्यांवर लावा. पहिले चार-पाच दिवस ते जवळजवळ अखंड चालेल. भिंती, गाद्या, पुस्तकं, लाकूड यांनी महिनोन्महिने शोषलेलं पाणी बाहेर येत असतं. घाबरून ४० वर आणू नका. आठवड्याने ड्रेनखाली बादली लावून तासाभराचं पाणी मोजा. ९८ पिंटचं यंत्र ७५ अंश, ५० टक्क्यांना तासाला साधारण लिटर-सव्वा लिटर देतं. पाव लिटरच येत असेल तर आधी फिल्टर, मग मुडपलेला फ्लेक्स, मग डँपरचा बाण. हे तिन्ही नीट असून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत १० अंशांचाही फरक नसेल, तरच रेफ्रिजरंटची शंका घ्या. कॉइलवर बर्फ दिसला तर बहुतेक वेळा हवा कमी पडतेय; क्रॉलस्पेसचं तापमान ५० अंशांच्या आसपास उतरलं असेल तर मात्र तो बर्फ साहजिक आहे.

सप्लायच्या पहिल्या जाळीतून कोमट हवा येते अशी घरच्यांची तक्रार येईल. एसी बंद असताना ती यायचीच. एसी चालू असतानाही येत असेल तर थांबवायची जोडणी झालेली नाही.

वीज म्हणाल तर ६५० वॉट, दिवसाला आठ तास, म्हणजे साधारण सव्वापाच युनिट. थोडी भरपाई होते, कारण ५० टक्क्यांना ७७ अंश सुखाचे वाटतात आणि एसी दोन अंश वर ठेवता येतो.

फिल्टर मर्व (गाळण्याच्या क्षमतेचं माप) ८ किंवा त्याहून वरचा, दर तीन ते सहा महिन्यांनी बदलायचा. कुत्रा-मांजर असेल किंवा घराशेजारी बांधकाम चालू असेल तर तीनच. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, ट्रॅपमध्ये कपभर पांढरं व्हिनेगर ओता. आतली बुळबुळीत शेवाळ सुटते. ब्लीच नको, कॉइलच्या अ‍ॅल्युमिनियमला ते सोसत नाही. बाहेरचा दवबिंदू ५० च्या खाली स्थिरावला की यंत्र बंद करा. ट्रॅप तेव्हा सुकतो आणि अ‍ॅटिकची किंवा गटाराची हवा नळीतून वर येऊ शकते, म्हणून वसंतात पहिल्यांदा चालू करण्याआधी त्यात पेलाभर पाणी घालायचं.